हिसका-इजेवरील कायरोप्रॅक्टिक उपचार

वाहन-अपघातात, विशेषतः मागून धडक बसल्यावर, मानेला आकस्मिक हिसका बसून वेदना, ताठरपणा, डोकेदुखी व हालचालींवर मर्यादा ही लक्षणे उद्भवतात; हीच हिसका-इजा (व्हिपलॅश). मणक्यांचे सांधे हाताने हलवून त्यांवर केलेल्या, म्हणजेच कायरोप्रॅक्टिक, उपचारांचा विचार या नोंदीत केला आहे. औषधे व शस्त्रक्रिया ही कायरोप्रॅक्टिक पद्धतीची साधने नव्हेत. अस्थिभंग, सांधा निखळणे, मज्जारज्जूला किंवा मेंदूला झालेली इजा या बाबी तिच्या कक्षेबाहेरच्या आहेत, आणि अपघातग्रस्ताच्या दृष्टीने ही सीमारेषा उपचाराच्या तंत्राहून अधिक महत्त्वाची आहे.

या पद्धतीचा उगम अमेरिकेच्या आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट येथे झाला, याबद्दल दुमत नाही. दुमत आहे ते तारखेबद्दल व प्रसंगाच्या तपशिलाबद्दल. जन्माने कॅनडाचे व व्यवसायाने चुंबकीय उपचारक (हातांतील कथित ‘चुंबकीय’ शक्तीने रोग बरे करण्याचा दावा करणारे) असलेले डॅनियल डेव्हिड पामर (१८४५–१९१३) यांच्या स्वतःच्या वृत्तांतानुसार त्यांनी १८ सप्टेंबर १८९५ रोजी हार्वी लिलार्ड या बहिऱ्या सफाई कामगाराच्या पाठीतील एका उंचवट्यावर दाब दिला आणि त्याला पुन्हा ऐकू येऊ लागले. लिलार्ड यांच्या मुलीने पुढे सांगितलेली हकीकत निराळी आहे. तिच्या म्हणण्याप्रमाणे एक विनोद ऐकून खूश झालेल्या पामर यांनी लिलार्ड यांच्या पाठीवर पुस्तकाने थाप मारली, आणि काही दिवसांनी ऐकण्यात सुधारणा जाणवल्यावर पुढील प्रयोग सुरू झाले. वर्षाबाबतही काही अभ्यासक १८९६ च्या आरंभाकडे झुकतात व त्यांचे म्हणणे अधिक ग्राह्य वाटते. श्रवणतंत्रिकेचा मार्ग पाठीच्या कण्यातून जात नसल्यामुळे पामर यांनी दिलेले स्पष्टीकरण शरीररचनेच्या कसोटीवर टिकत नाही. ‘जागेवरून सरकलेला मणका मज्जातंतूंचा प्रवाह अडवतो व त्यातून बहुतेक रोग उत्पन्न होतात’ हा त्यांचा व्यापक सिद्धान्तही वैद्यकाने स्वीकारलेला नाही. खुद्द या व्यवसायातील एक मोठा वर्ग आज तो बाजूला ठेवून केवळ स्नायू, सांधे व कणा यांच्या तक्रारींपुरते काम करतो. अपघातोत्तर उपचारांचा विचार या दुसऱ्या, मर्यादित भूमिकेतूनच करणे योग्य होय.

हिसका-इजेचा इतिहास मोटारीच्या आधीपासूनचा आहे. रेल्वे-अपघातांतून वरवर धडधाकट बाहेर पडलेल्या प्रवाशांना पुढे होणाऱ्या पाठदुखीचे व थकव्याचे कारण मज्जारज्जूला बसलेला धक्का हे असावे, असे मत इंग्लंडमधील शल्यचिकित्सक जॉन एरिक एरिक्सन यांनी १८६६ मध्ये मांडले. १८८३ मध्ये हर्बर्ट पेज यांनी ते खोडून भीती व मानसिक आघात यांवर भर दिला. इजा शरीराची की मनाची, आणि तिच्यात नुकसानभरपाईचा वाटा किती, हा वाद तेव्हापासून चालू आहे. ‘व्हिपलॅश’ ही संज्ञा हॅरल्ड क्रो यांनी १९२८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे प्रथम वापरली असे सामान्यतः मानले जाते. छापील वैद्यकीय वाङ्मयात मात्र ती १९४० च्या दशकाच्या मध्यापासून आढळते.

मान नेमकी कोणत्या क्षणी दुखावते, या प्रश्नाचे उत्तर दोनदा बदलले आहे. १९५५ मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डेरविन सेव्हरी व सहकाऱ्यांनी मुद्दाम घडवलेल्या धडकांचे मोजमाप केले. त्यानंतर दीर्घकाळ डोके मागे अतिरेकी झुकणे हेच इजेचे कारण समजले गेले, आणि आसनावरील डोके-आधाराची रचना या कल्पनेवर उभी राहिली. डोके-आधार आले तरी इजा पूर्णपणे थांबल्या नाहीत. १९९७ मध्ये येल विद्यापीठातील ग्राउअर, पंजाबी व सहकाऱ्यांनी मृतदेहांतील मानेच्या कण्यांवर केलेल्या प्रयोगांत वेगळाच क्रम दिसला. धडकेनंतर पहिल्या ५० ते ७५ मिलिसेकंदांत धड पुढे ढकलले जाते व डोके जडत्वामुळे मागे राहते. त्या वेळी मानेचा खालचा भाग मागे वाकतो, वरचा भाग पुढे वाकतो आणि कण्याला नागमोडी आकार येतो. खालच्या मणक्यांचे मागील लहान सांधे, म्हणजे फॅसेट सांधे, या क्षणी स्वाभाविक मर्यादेपलीकडे ताणले जातात. डोके आधाराला टेकण्यापूर्वीच हे घडून जाते. ऑस्ट्रेलियातील निकोलाय बोगडक यांच्या गटाने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी या मताला बळ देते. जुनाट मानदुखीच्या २४ रुग्णांपैकी ज्यांच्या फॅसेट सांध्यांकडे जाणाऱ्या तंत्रिका उष्णतेने निष्क्रिय केल्या, त्यांची वेदना पूर्वीच्या निम्म्यावर परतण्यास मध्यकानुसार २६३ दिवस लागले. लटका उपचार मिळालेल्यांत हाच काळ ८ दिवसांचा होता. सर्वच रुग्णांत वेदनेचा उगम याच सांध्यांत असतो असे यावरून ठरत नाही. तथापि सांध्यांना उद्देशून केलेल्या हस्तोपचारांना काही शारीरिक आधार असू शकतो, हे मान्य करावे लागते.

तीव्रतेच्या वर्गीकरणासाठी कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या तज्ज्ञ कृतिगटाची १९९५ मधील श्रेणी आजही प्रमाण मानली जाते. पहिल्या श्रेणीत केवळ वेदना व ताठरपणा, दुसरीत तपासणीत आढळणारी हालचालींची घट व दाबल्यास दुखणारे बिंदू, तिसरीत स्नायूंचा अशक्तपणा, प्रतिक्षिप्त क्रिया मंदावणे किंवा संवेदना कमी होणे यांसारखी तंत्रिकीय चिन्हे, आणि चौथीत अस्थिभंग किंवा सांधा निखळणे यांचा समावेश होतो. कायरोप्रॅक्टिकचे क्षेत्र मुख्यतः पहिल्या दोन श्रेणींचे आहे. तिसऱ्या श्रेणीत आधी वैद्यकीय तपासणी आवश्यक असते, तर चौथ्या श्रेणीत मानेला झटका देणे निषिद्ध आहे.

म्हणून पहिल्या भेटीचा मुख्य भाग तपासणीचा असला पाहिजे. शुद्धीवर असलेल्या व प्रकृती स्थिर असलेल्या अपघातग्रस्ताच्या मानेची क्ष-किरण किंवा सीटी स्कॅन तपासणी हवी की नको, हे ठरवण्यासाठी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला कॅनेडियन नियम उपयोगी पडतो. वय ६५ किंवा अधिक असणे, गाडी उलटण्यासारखा धोकादायक अपघात, हातापायांना मुंग्या येणे यांपैकी एकही बाब असल्यास प्रतिमा-तपासणी करावी. तसे काही नसेल आणि साधी मागून बसलेली धडक यासारखे कमी जोखमीचे लक्षण असेल, तरच मान दोन्ही बाजूंस ४५ अंश वळते का ते पाहावे. वेदना पुष्कळदा काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी वाढते. अपघातस्थळी काही वाटले नाही म्हणून इजा नाहीच असे धरू नये.

प्रत्यक्ष उपचारात सांध्याला अल्प अंतराचा व जलद झटका देणे हे तंत्र सर्वपरिचित आहे. त्या वेळी येणारा ‘कट’ असा आवाज सांध्यातील द्रवात वायूची पोकळी निर्माण होण्याशी संबंधित आहे. मणका जागेवर बसल्याची ती खूण नव्हे. याखेरीज सांध्याची संथ व लयबद्ध हालचाल, स्नायूंवरील दाब, स्प्रिंगच्या लहान उपकरणाने दिलेला ठोका व व्यायाम यांचा वापर होतो. ताज्या इजेत, स्नायू आखडलेले असताना, संथ तंत्रांपासून आरंभ करणे बरे.

परिणामकारकतेविषयीचा पुरावा मर्यादित आहे. मानदुखीवरील एकत्रित समीक्षांत झटक्याचे व संथ हालचालींचे फलित जवळपास सारखे दिसते. हिसका-इजेपुरत्या स्वतंत्र चाचण्या थोड्या आहेत. मानेचा पट्टा लावून पडून राहण्यापेक्षा दैनंदिन हालचाली लवकर सुरू करणे हितकारक आहे, यावर मात्र बरेच एकमत आहे. अधिक बैठका म्हणजे अधिक लाभ, हे गृहीतही सिद्ध झालेले नाही. जुनाट हिसका-इजेच्या १७२ रुग्णांवरील २०१४ मधील ऑस्ट्रेलियन चाचणीत २० बैठकांचा व्यायाम-कार्यक्रम सल्ल्याच्या एका बैठकीपेक्षा सरस ठरला नाही. ती चाचणी भौतिकोपचाराची (फिजिओथेरपीची) असली, तरी महिनोन्‌महिने चालणाऱ्या उपचार-योजना पुढे करणाऱ्या प्रत्येकाने तिची दखल घ्यावी.

गंभीर धोका मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या कशेरुक धमनीचा आतील थर फाटून मेंदूला होणारा रक्तपुरवठा खंडित होण्याचा आहे. मानेला दिलेला झटका हे त्याचे कारण, की फाटलेल्या धमनीमुळे मान दुखू लागल्यावरच रुग्ण उपचाराला येतो, यावर मतभेद आहेत. कॅसिडी व सहकाऱ्यांच्या २००८ मधील ओंटारिओतील अभ्यासात कायरोप्रॅक्टरकडील व प्राथमिक वैद्याकडील भेटींचा पक्षाघाताशी सारखाच संबंध आढळला, आणि दुसरे स्पष्टीकरण त्यामुळे अधिक संभाव्य ठरते. तरीही अपघाताच्या हिसक्यानेही धमनी फाटू शकते. म्हणून एकाएकी उठलेली अनोळखी डोकेदुखी, चक्कर, दुहेरी दिसणे, बोलताना जीभ अडखळणे किंवा चेहऱ्याला बधिरता यांपैकी काहीही असल्यास मानेला हात न लावता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात पाठवावे. अस्थिसुषिरता (हाडे ठिसूळ होणे), मानेच्या वरच्या सांध्यांना बाधणारा संधिवात व रक्त पातळ करणारी औषधे चालू असणे या स्थितींतही झटका टाळतात.

व्यवसायाला कायदेशीर मान्यता देणारा कायदा अमेरिकेत कॅन्ससने १९१३ मध्ये व सर्व राज्यांच्या शेवटी लुइझियानाने १९७४ मध्ये केला. ब्रिटनमध्ये नोंदणीचा कायदा १९९४ चा आहे. भरपाईच्या नियमांचा दाव्यांवर परिणाम होतो, हे कॅनडातील सस्कॅचेवान प्रांताच्या उदाहरणावरून दिसते. तेथे १९९५ च्या आरंभी वेदनेपोटीची भरपाई बंद करणारी, दोष कोणाचा हे न पाहणारी विमायोजना लागू झाली. त्यानंतर हिसका-इजेच्या दाव्यांचे प्रमाण घटले आणि दावे निकाली निघण्याचा काळही कमी झाला. हा अभ्यासही २००० मध्ये कॅसिडी यांच्याच गटाने प्रसिद्ध केला. त्यावरून रुग्ण वेदनेचे सोंग करतात असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल, कारण वेदना सिद्ध करत राहण्याची सक्तीच बरे होण्याच्या आड येत असणे तितकेच शक्य आहे.