पार्श्वभूमी : उन्हाचे बळी कसे मोजायचे?

एप्रिल कलला की विदर्भातल्या पेपरांत पहिल्या पानावर एक चौकट सुरू होते. वर ब्रह्मपुरी, चंद्रपूर, अकोला, नागपूर यांचं कमाल तापमान, आणि खाली एका ओळीत ‘उष्माघाताचे संशयित बळी’. वरच्या आकड्यावर कुणी हरकत घेत नाही, तो दशांश चिन्हापर्यंत पक्का असतो. खालचा मात्र दर वर्षी वादात सापडतो. ‘संशयित’ म्हणून छापलेले मृत्यू पुढे तपासणीत वगळले जातात आणि जून उजाडून पाऊस आला की विषयच बंद होतो.

माझ्या लहानपणी आमच्या गल्लीतल्या एक आजी मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या खोलीत आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. वय झालेलं, बीपीचा त्रास जुना. डॉक्टरांनी ‘हृदयक्रिया बंद पडून’ असं लिहून दिलं आणि घरच्यांनाही ते पटलं. शेजारच्या बायका मात्र ‘ऊन लागलं त्यांना’ असंच म्हणत राहिल्या. आज वाटतं, त्या बायकांचं निदान डॉक्टरांपेक्षा जवळचं होतं.

उष्माघाताची खूण म्हणजे शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जाणं आणि माणूस भ्रमिष्टासारखा होणं, बरळणं, शुद्ध हरपणं. पण वेळेवर थर्मामीटर लावला तरच ती सापडते. शिवाय उन्हाने मरणाऱ्या बहुतेकांना असा ठळक उष्माघात होतच नाही. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, हृदयाला जास्तीचं काम पडतं, घामाने पाणी जातं, मूत्रपिंडावर ताण येतो. ज्याचं जे दुखणं आधीपासून आहे तेच बळावतं आणि दाखल्यावरही तेच लिहिलं जातं.

मग मोजायचं कसं? यावरचा उपाय उन्हासाठी शोधलेला नव्हता. १८४७ साली लंडनमध्ये इन्फ्लुएन्झाची साथ आली तेव्हा विल्यम फार या सांख्यिकीतज्ज्ञाने कारणांच्या घोळात न शिरता सरळ वजाबाकी केली : या दिवसांत एरवी किती माणसं मरतात आणि या वेळी किती मेली. उरले ते ‘अतिरिक्त मृत्यू’. कोविडमध्ये हा शब्द आपल्याकडे घराघरांत पोचला.

उन्हाच्या बाबतीत या वजाबाकीची सगळ्यात गाजलेली लढाई शिकागोत झाली. जुलै १९९५मध्ये तिथे पारा ४१ अंशांवर गेला. नागपूरकर यावर हसेल, पण हवा दमट होती आणि रात्रीही उतार नव्हता. कुक काउंटीच्या शवागाराबाहेर शीतगृहाचे ट्रक उभे करावे लागले. तिथले मुख्य वैद्यकीय तपासनीस एडमंड डोनोह्यू यांनी उन्हाचा मृत्यू म्हणण्यासाठी तीन कसोट्या ठरवल्या होत्या. मृत्यूच्या वेळी किंवा लगेच नंतर शरीराचं तापमान १०५ फॅरनहाइट (साधारण ४०.५ सेल्सिअस) वा त्याहून जास्त असणं. किंवा खिडक्या बंद, पंखा-एसी नाही अशा तापलेल्या खोलीत मृतदेह सापडणं. किंवा लाट ऐन भरात असताना माणूस शेवटचा जिवंत दिसलेला असून नंतर कुजलेल्या अवस्थेत सापडणं. या कसोट्यांवरून निघालेल्या बळींच्या आकड्यांवर महापौर रिचर्ड डेली यांनी जाहीर शंका घेतली. पुढे वजाबाकी झाली आणि शहरातले अतिरिक्त मृत्यू ७३९ निघाले. म्हणजे डोनोह्यूंनी फुगवून सांगितलं नव्हतं, उलट कमीच धरलं होतं.

महत्त्वाचं काम त्यानंतरचं. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या संशोधकांनी प्रत्येक मृताच्या आसपास राहणारा, साधारण त्याच वयाचा, पण वाचलेला एक माणूस शोधला आणि दोघांची राहणी ताडून पाहिली. एकटे राहणारे, अंथरुणाला खिळलेले, रोज घराबाहेर न पडणारे, इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावरचे जास्त मेले. घरात चालू एसी असलेले, आणि ज्यांचं कुणाकडे तरी जाणं-येणं होतं असे वाचले. १९९६ साली हे प्रसिद्ध झालं आणि उष्णतेची लाट हा निव्वळ हवामानाचा विषय उरला नाही. कोण मरणार हे घर, शेजार आणि खिसा यांवरूनही ठरत होतं.

२००३मध्ये हाच धडा युरोपला फार महागात पडला. फ्रान्समध्ये ऑगस्टच्या पहिल्या वीस दिवसांत १४,८०२ अतिरिक्त मृत्यू झाले. त्यात म्हातारी माणसं सर्वाधिक, आणि नातलग सुटीवर गेलेले. आरोग्य महासंचालकांना राजीनामा द्यावा लागला. पुढच्या वर्षी देशाची उष्णता योजना आली.

आपल्याकडे ओडिशाने १९९८ साली २,०४२ मृत्यू पाहिले, आणि उन्हाला आपत्ती मानून तयारीला लागणारं ते देशातलं पहिल्या काही राज्यांपैकी एक. पण मोजणीची दिशा बदलली ती अहमदाबादमुळे.

मे २०१०मध्ये अहमदाबादचा पारा ४६.८ अंशांवर गेला. गांधीनगरच्या भारतीय लोकस्वास्थ्य संस्थेचे डॉ. दिलीप मावळंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महापालिकेच्या मृत्यूनोंदी काढल्या. एरवीच्या मे महिन्यात ३,११८, त्या मेमध्ये ४,४६२. फरक १,३४४ माणसांचा, म्हणजे ४३.१ टक्के जास्त. एवढी माणसं गेली तरी शहर थांबलं नव्हतं. पूर आला की पाणी दिसतं, भूकंपात ढिगारे दिसतात. इथे दिसायला काहीच नव्हतं.

याच अभ्यासमालेतली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त लक्षात राहिली आहे. शहरातल्या शारदाबेन रुग्णालयात प्रसूतीचा वॉर्ड सगळ्यात वरच्या मजल्यावर होता, म्हणजे थेट तापलेल्या स्लॅबखाली. २०१०च्या लाटेत नवजात बाळं अंग तापून अतिदक्षता कक्षात येऊ लागली. दोन-चार दिवसांच्या बाळाला ना घाम नीट येतो, ना पाणी मागता येतं, आणि ताप दिसला की कुणालाही आधी जंतुसंसर्गच आठवतो. डॉक्टरांनी पुढे नोंदी तापमानाशी लावून पाहिल्या, तर ४२ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे उष्णतेमुळे होणाऱ्या भरत्या ४३ टक्क्यांनी वाढत होत्या. मधल्या काळात वॉर्ड खाली हलवला होता, आणि भरत्या घटल्या. ना औषध, ना यंत्र, फक्त खाटा खाली आणल्या. शिकागोत वरच्या मजल्यावरचे म्हातारे, इथे वरच्या मजल्यावरची बाळं.

२०१३ साली अहमदाबादची उष्णता कृती योजना सुरू झाली. दक्षिण आशियातली ती पहिली. हवामान खात्याच्या व्याख्येपुरतं न थांबता कोणत्या तापमानाला शहरात मृत्यू वाढतात ते पाहून इशाऱ्याच्या पायऱ्या ठरल्या : ४१च्या वर पिवळा, ४३च्या वर नारिंगी, ४५ला लाल. इशारा निघाला की रुग्णालयांत बर्फाच्या पिशव्या तयार, १०८ची रुग्णवाहिका सज्ज, पाणपोया चालू. २०१४ आणि २०१५ या वर्षांत दरसाल सुमारे १,१९० मृत्यू टळले असावेत, असा अंदाज पुढे प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात पहिली अशी योजना २०१६ साली नागपूरला आली, जिथे २०१३मध्ये पारा ४७.९वर पोचला होता.

पण नागपूरची गणितं कोकणाला चालत नाहीत. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो लोक भर दुपारी उघड्यावर बसले होते. तापमान ३८च्या आसपास. १४ जणांचा जीव गेला. विदर्भात ३८ म्हणजे मार्चचा दिवस! फरक कशाचा, तर माठाचा. नागपुरात माठातलं पाणी गारेगार होतं, मुंबईत कोमटच राहतं, कारण दमट हवेत पाणी उडून जात नाही. घामाचंही तेच. थर्मामीटरच्या गोळ्याला ओलं फडकं गुंडाळून जे तापमान मिळतं ते ३५ झालं की माणूस टिकत नाही, असं २०१०मध्ये गणिताने मांडलं गेलं होतं. पुढे अमेरिकेत धडधाकट तरुणांवर प्रयोग झाले, तेव्हा दमट हवेत ओल्या फडक्याच्या याच मापाने ३१च्या आसपासच त्यांचं शरीर हात टेकू लागलं. हवामान खातं किनारपट्टीसाठी उष्णतेच्या लाटेचा उंबरठा ३७ आणि मैदानी भागासाठी ४० धरतं ते याचमुळे. खारघरनंतर सरकारने त्या उन्हाळ्यापुरते दुपारी १२ ते ५ मोकळ्यावरचे सरकारी कार्यक्रम बंद केले.

मदतीचं घोडं मात्र यादीपाशी अडलं. राष्ट्रीय आपत्ती निधीसाठी केंद्राने अधिसूचित केलेल्या बारा आपत्तींत भूकंप, पूर, गारपीट, टोळधाडीसारखा कीडहल्ला आणि थंडीची लाटसुद्धा होती. उष्णतेची लाट नव्हती. राज्यांनी ती घालायची मागणी केली, पंधराव्या वित्त आयोगाला तशी गरज वाटली नाही.

त्यातच २०२४ साली मुंबई-पुण्यासह दहा शहरांचा अभ्यास आला. २००८ ते २०१९मधले सुमारे ३६ लाख मृत्यू त्यात तपासले होते. ओळीने दोन दिवस त्या त्या शहराच्या मानाने फार तापले, तर मृत्यू १४.७ टक्क्यांनी वाढतात असं दिसलं, आणि बेंगळुरूसारख्या एरवी थंड शहरांत परिणाम जास्त. म्हणजे इशारा ‘४५’ या आकड्याला बांधून चालणार नाही.

हे सगळं उभं आहे मृत्यूच्या रोजच्या नोंदींवर. देशात २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरांनी कारण प्रमाणित केलेले अवघे २२.५ टक्के होते. म्हणूनच कारण न विचारणारी ती वजाबाकी आपल्याला जास्त कामाची. त्यासाठी लागणारं रजिस्टर प्रत्येक पालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात आहे. आणि कारण लिहायचंच असेल, तर डोनोह्यूंची दुसरी कसोटी खोली कशी होती ते विचारते. आपल्याकडे डॉक्टर जो कारणाचा फॉर्म भरतात, त्यात खोलीसाठी रकाना नाही.