नानांचा श्वास कोणी मोजला?

जानेवारीतली ग्वाल्हेरची सकाळ. लष्कर नावाच्या भागातल्या एका वाड्यातून सूनबाईंचा फोन आला, "डॉक्टर, दोन दिवस खोकला होता, आणि आता नानांचं ऑक्सिजन सत्त्याऐंशीवर आलंय!" मी पोहोचलो तेव्हा नाना रजईत गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. बोटं पांढरी पडलेली, गारठलेली.

बोटाला लावायच्या त्या ऑक्सिमीटरमधून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश आरपार जातात. ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन आणि रिकामं हिमोग्लोबिन ते वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, त्यावरून आकडा निघतो. पण त्यासाठी बोटात नाडीचा ठोका जाणवावा लागतो. थंडीने रक्तवाहिन्या आकसल्या की ठोकाच नीट सापडत नाही आणि आकडा भरकटतो. सूनबाईंनी नानांचा हात पाच मिनिटं आपल्या हातांत धरून ऊब दिली. आकडा ९५ वर गेला. घरातल्यांचा जीव भांड्यात पडला.

माझा पडला नाही. नाना बोलताना मधेच थांबत होते. ताप ९८.२, नाडी ८४, रक्तदाब ११८/७०. मी त्यांचं मनगट त्यांच्याच छातीवर ठेवलं, नाडी बघतोय असं भासवलं आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट छातीची हालचाल मोजली. २६.

स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचे मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास होतात. ब्रिटनमध्ये रुग्णाची तब्येत किती बिघडतेय हे जोखण्यासाठी २०१२ साली एक गुणपद्धत आली. तिच्यात २५ किंवा त्याहून जास्त श्वासांना सर्वांत जास्त, म्हणजे ३ गुण आहेत. इतका बोलका हा आकडा, आणि तोच मोजायचा राहून जातो. रक्तदाबासाठी १८९६ मध्ये रीवा-रोच्चीने दंडावरचा पट्टा दिला, १९०५ मध्ये कोरोत्कॉफने त्याखालचे आवाज ऐकायला शिकवलं. श्वासासाठी घरात असं यंत्र आलंच नाही. त्याला नजर लागते आणि एक मिनिटाचा धीर. मग कागदावर अंदाजाने १८ किंवा २० लिहिलं जातं. हे पाहिलं की मला मनापासून वाईट वाटतं. गवयाचा दमसास कान देऊन ऐकणारं हे गाव आहे. तेच लक्ष आजारी माणसाच्या छातीकडे वळावं, एवढंच माझं मागणं आहे.

पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. एक श्वास चुकला तर चारांची चूक होते. रुग्णाला सांगूनही मोजू नका, कारण कळलं की श्वासाची चाल बदलते. रजई मात्र बाजूला करा.

आता ९५ हा आकडा चांगला का दिसत होता? फुप्फुसाचा एखादा भाग कफाने भरला की मेंदूच्या तळाशी असलेलं श्वसनकेंद्र श्वास वाढवतं आणि उरलेल्या भागाकडून जादा काम करून घेतं. म्हणजे ते ९५ नाना २६ श्वासांच्या कष्टाने टिकवून होते. हे कष्ट झेपेनासे झाले की ऑक्सिजन उतरतो, आणि ९० च्या खाली तो भराभर घसरतो. श्वास मोजला असेल तर त्याआधीचे काही तास हाताशी राहतात.

बाकीचे आकडेही नानांचे म्हणून वाचायला हवेत. ते रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल घेतात, ते औषध नाडीला वाढू देत नाही. त्यामुळे ८४ वर विसंबता येत नाही. म्हातारपणी जंतुसंसर्गातही अंग तापेलच असं नसतं. ९८.६ हा आकडा १८६८ मध्ये जर्मनीच्या वुंडरलिश यांच्या मोजमापांतून रूढ झाला, पण ती सरासरी आहे, प्रत्येकाचं माप नाही. आणि ११८? नानांचा नेहमीचा वरचा रक्तदाब १५० च्या आसपास असतो. दुसऱ्या कोणाचा ११८ मी आनंदाने लिहून घेतला असता, नानांच्या बाबतीत तो घसरलेला होता.

घरात लहान मूल असेल तर मोजमाप वेगळं. दोन महिन्यांच्या आत ६०, एक वर्षापर्यंत ५० आणि पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त श्वास होत असतील, तर डॉक्टरांकडे न्यायला उशीर करू नये. ओठ निळसर दिसले, वाक्य पुरं होईना किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर कोणत्याही वयात मोजत बसू नका, सरळ रुग्णालय गाठा.

एक्स-रेमध्ये नानांच्या उजव्या फुप्फुसात खाली न्यूमोनिया दिसला. रुग्णालयात त्यांच्या उशाशी बसून सूनबाई स्वतः श्वास मोजू लागल्या. दुसऱ्या दिवशी २४, चौथ्या दिवशी १८. घरी आल्यावर त्यांनी नानांची बरं असतानाची नाडी, रक्तदाब आणि श्वास स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवले, दुधाच्या हिशेबाशेजारी.