नेट गेलं तरी दिवा लागतो

नेट गेलं की स्मार्ट दिवे निकामी, हा समज अजून फिरतोय. तो खरा आहे मुख्यतः बोलून दिवे लावण्यापुरता, कारण अलेक्साला दिलेला हुकूम बहुधा कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन परत येतो. स्वस्त वायफाय बल्बांचं ॲपही अडू शकतं. झिगबीचा (स्मार्ट उपकरणांना आपसात जोडणाऱ्या बिनतारी पद्धतीचा) रिमोट मात्र घरातल्या घरात काम करतो. २०२२ मध्ये आलेलं मॅटर, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची स्मार्ट उपकरणं एकत्र चालावीत यासाठीचं मानक, तेही घरच्याच नेटवर्कवर चालतं.

खरी अडचण भिंतीवरच्या बटणाची. आजीने सवयीने ते बंद केलं की बल्बची वीजच तुटते. मग ॲप, रिमोट, आवाज, सगळं फुकट! म्हणून मला स्विचबोर्डमागे बसणारं रिले मॉड्यूल, म्हणजे दिव्याची वीज चालू-बंद करणारी छोटी स्मार्ट डबी, जास्त सोयीचं वाटतं. जुनं बटणही चालतं, फोनही. फक्त बोर्डात न्यूट्रल वायर आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घ्या. बऱ्याच मॉड्यूलना ती लागते.