इनब्रीडिंग आणि तुकड्यांत अडकलेले वन्यप्राणी

जंगलाच्या मधून रस्ते गेले, शेती आली, कुंपणं पडली की एखाद्या प्राण्याचा छोटा गट एका तुकड्यात अडकून पडतो, आणि मग पाच-सात पिढ्यांत सगळेच एकमेकांचे नातेवाईक होऊन बसतात, जोडीदार म्हणून चुलत-आते भावंडंच काय, सख्खीही चालवून घ्यावी लागतात. हेच इनब्रीडिंग, पुस्तकी मराठीत अंतःप्रजनन. प्रत्येक प्राण्याच्या अंगात काही खराब जीन्स (जनुकं) असतातच, पण एकच कॉपी असेल तर बहुतेक गप्प राहतात. आईबाप एकाच रक्ताचे असले की दोन्हीकडून तीच कॉपी येते आणि दोष उघडा पडतो. पिल्लं जगत नाहीत, शुक्राणू बिघडतात, रोगाला तोंड देता येत नाही.

नुसती डोकी मोजून इथे काही कळत नाही. ५० प्राणी आहेत, त्यात ५ नर आणि ४५ माद्या, तर जेनेटिक्सच्या हिशोबाने तो गट फक्त १८ चा (४ × नर × माद्या भागिले एकूण, म्हणजे ४ × ५ × ४५ भागिले ५०), आणि प्रत्यक्षात ५ पैकी दोनच नर दादागिरी करत असतील तर त्याहून कमी. गट जितका लहान तितकी विविधता दर पिढीला भराभर गळते, आणि गेलेला जीन आतूनच परत येईल ही आशा जवळपास सोडायची.

फ्लोरिडा पँथरचं, म्हणजे अमेरिकेतल्या फ्लोरिडातल्या प्यूमाचं, उदाहरण सगळेच देतात, पण ते खरंच बोलकं आहे. १९९० च्या सुरुवातीला २०-३० उरले होते, शेपट्या वाकड्या, काहींच्या हृदयाला छिद्र, कित्येक नरांचे वृषण खाली उतरलेलेच नाहीत. १९९५ मध्ये टेक्सासमधून ८ माद्या आणून सोडल्या आणि पुढच्या बारा-पंधरा वर्षांत संख्या साधारण तिप्पट झाली. याला जेनेटिक रेस्क्यू म्हणतात.

पण एकदा बाहेरचं रक्त आणलं की काम झालं असं समजू नये. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरातल्या आइल रॉयल बेटावर १९९७ मध्ये गोठलेल्या बर्फावरून एक लांडगा चालत आला, धडधाकट गडी, त्याची पिल्लं इतकी झाली की थोड्याच वर्षांत सगळा कळप त्याच्याच वंशाचा, म्हणजे पुन्हा तेच! २०१६ पर्यंत दोनच लांडगे उरले, बाप आणि लेक, आणि आई एकच असल्याने ते सावत्र भावंडंही होते. शेवटी २०१८-१९ मध्ये बाहेरून १९ लांडगे आणावे लागले.

उलटा धोकाही असतो. युरोपातल्या टाट्रा पर्वतात आयबेक्स या रानबकऱ्यांच्या कळपात तुर्कस्तान आणि सिनाईकडचे, गरम हवेतले प्राणी मिसळले, तर संकरित माद्या ऐन फेब्रुवारीच्या थंडीत विऊ लागल्या, पिल्लं टिकेनात आणि कळपच संपला. म्हणून आणायचे ते मिळत्याजुळत्या हवेतले.

पिंजऱ्यात वाढवताना स्टडबुक, म्हणजे वंशावळीची वही, ठेवतात, ज्याचे नातेवाईक सगळ्यात कमी त्याला जोडी आधी. काळ्या पायांच्या फेरेटचा (उत्तर अमेरिकेतला मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी) आजचा सगळा वंश ७ प्राण्यांपासूनचा, तिथे स्टडबुक तरी काय करणार. मग १९८८ मध्ये गोठवून ठेवलेल्या पेशींतून २०२० मध्ये एलिझाबेथ ॲन ही क्लोन जन्माला घातली, ज्या मादीच्या त्या पेशी होत्या ती या सातांत नव्हती. एलिझाबेथला पिल्लं झाली नाहीत, पण त्याच पेशींपासूनच्या अँटोनियाला २०२४ मध्ये झाली.