कंद म्हणजे नेमकं काय? फुलबागेतल्या सरमिसळीची पार्श्वभूमी

न्हाणीच्या सांडपाण्यावर केळ, अळू आणि कर्दळ, ओलाव्याला सोनटक्का, मागीलदारी हळद, विहिरीच्या वाटेवर गवती चहा. कोकणातल्या परसात औषधी झाडं, फुलझाडं आणि कंद वेगवेगळे लावायचा प्रश्नच नव्हता. कुठे काय लावायचं ते पाणी ठरवायचं. यातली कर्दळ अमेरिकेतली, निशिगंध आणि झेंडू मेक्सिकोतले, पण आज त्यांना परकं कोण म्हणेल?

आखीव वाफे आणि हिवाळी 'सीझनल' फुलं ही इंग्रजी अमदानीतल्या बंगल्यांची देणगी. तेव्हापासून बाग पुढे आणि परस मागे गेलं.

खरा घोळ 'कंद' या शब्दाचा. पाठ्यपुस्तकात लिलीचा पापुद्र्यांचा कांदा तो कंद, ग्लॅडिओलसचा भरीव गड्डा म्हणजे दृढकंद, कर्दळ-हळदीचं मूलक्षोड म्हणजे जमिनीखाली आडवं वाढणारं खोड, आणि डेलियाची तर फुगलेली मुळंच. नर्सरीत मात्र सगळेच 'बल्ब', माळ्याच्या तोंडी गड्डे नाहीतर कांदे. हळद औषधी, कंदवर्गातली आणि बहुवर्षायूही. तिला कुठल्या रकान्यात टाकणार? नावांचा हा गोंधळ एरवी चालून गेला असता, पण 'कंद दरवर्षी काढून ठेवावेत' हा सल्ला सरसकट सगळ्यांना लागू झाला आणि नुकसान झालं. हा सल्ला थंड देशातला. तिथे डेलिया उपटतात ते जमीन गोठते म्हणून. आपल्याकडे भीती जुलैच्या पाण्याची. डेलिया आणि ग्लॅडिओलस पानं पिवळी पडल्यावर काढावेत, हे ठीक. निशिगंध मात्र निचऱ्याच्या जमिनीत तीनेक वर्षं सहज राहतो आणि कर्दळ गर्दी होईपर्यंत हलवायचं कारण नाही. सोनटक्क्याचे गड्डे सुकवून ठेवणाऱ्यांची तर कीवच येते.

गच्चीवरच्या बागांमुळे ही झाडं पुन्हा एकत्र आली, तीही बारा इंची कुंडीत. पुदिन्याला रोज पाणी हवं. चैत्रात फुलणाऱ्या लिलीच्या कांद्याला हिवाळ्यात कोरडी विश्रांती हवी. दोन्ही एकत्र लावले की पुदिना फोफावतो आणि कांदा कुजतो. म्हणून काही जण लिली लहान कुंडीत लावून ती कुंडी मोठ्या वाफ्यात पुरतात आणि दिवाळीनंतर उचलून वळचणीला ठेवतात. तुळस आणि निशिगंधाचं बरं जमतं. दोघांनाही ऊन हवं आणि पाणी साचलेलं नको.