पायांचा रंगीत डॉप्लर

पायांतल्या धमन्या आणि शिरांमधून रक्त कसे वाहते, कुठे अडते आणि कुठे उलट फिरते, हे ध्वनिलहरींनी पाहण्याची तपासणी. हलत्या रक्तपेशींवर आपटून परतलेल्या लहरींची वारंवारता बदलते. त्यावरून यंत्र प्रवाहाची दिशा आणि वेग काढते आणि पडद्यावर रंगांत दाखवते. ऑस्ट्रियाचे क्रिस्टियान डॉप्लर यांनी हे तत्त्व १८४२ मध्ये प्राग येथे मांडले. जपानमध्ये शिगेओ सातोमुरा यांनी १९५० च्या दशकात ते हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या तपासणीत आणले.

चित्र चांगले येणे यंत्राच्या किमतीपेक्षा रुग्णाला कसे झोपवले आणि हात कसा चालवला यावर जास्त ठरते. पाय बाहेरच्या बाजूला वळवून गुडघा थोडा वाकवला आणि खाटेची डोक्याकडची बाजू उंच केली, की शिरा भरतात व सापडतात. पोटरीतल्या बारीक शिरांसाठी रुग्णाला पाय खाली सोडून बसवावे. शिरांच्या झडपा गळतात का, हे मात्र उभे करूनच पाहावे: पोटरी दाबून सोडल्यावर वरवरच्या शिरेत अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ रक्त मागे आले, तर झडप निकामी समजतात. खोली गार असली की वाहिन्या आकसतात, म्हणून पायावर पांघरूण हवे.

पायातल्या बहुतेक वाहिन्या त्वचेला समांतर धावतात, हीच खरी अडचण. लहर प्रवाहाला काटकोनात पडली, तर वाहते रक्तही जवळजवळ दिसत नाही. म्हणून प्रोबचे (त्वचेवर फिरवायच्या, लहरी सोडणाऱ्या उपकरणाचे) एक टोक किंचित दाबून किंवा लहर तिरकी करून कोन ६० अंशांच्या आत आणतात. त्यापुढे थोड्या चुकीनेही वेगाचा आकडा बराच बदलतो. शिरेतला प्रवाह संथ असतो. त्यासाठी वेगाचे स्केल (यंत्र दाखवते ती वेगाची मर्यादा) आणि वॉल फिल्टर (संथ हालचालींचे संकेत गाळणारी सोय) दोन्ही खाली आणावे लागतात. ते धमनीसाठी लावलेले तसेच राहिले, तर उघडी शीरही काळी दिसते आणि नसलेल्या रक्ताच्या गुठळीचा संशय येतो. उलट, गेन (परतलेल्या संकेताची वाढ) फार वाढवला की रंग शिरेच्या भिंतीबाहेर सांडतो आणि लहान गुठळी त्याखाली झाकली जाते.

त्यामुळे गुठळी शोधताना नुसत्या रंगावर विसंबणे धोक्याचे. प्रोब आडवा धरून जांघेपासून खाली दर एक-दोन सेंटीमीटरवर दाबत जायचे. निरोगी शीर पडद्यावर पूर्ण मिटते, शेजारची धमनी गोलच राहते. शीर मिटली नाही, तर आत गुठळी असण्याची शक्यता मोठी. ताजी गुठळी रक्तासारखीच काळी दिसत असल्याने ही दाबपरीक्षाच तिला पकडते. मांडीच्या खालच्या भागात शीर खोल जाते. तिथे दुसरा हात मागून लावून स्नायू प्रोबकडे ढकलले की काम होते. मांडी जाड किंवा सुजलेली असेल, तर पोटाच्या सोनोग्राफीचा कमी वारंवारतेचा प्रोब घ्यावा.

जुन्या मधुमेहींच्या धमन्यांत चुना (कॅल्शियम) साचतो, तो लहरी अडवतो आणि त्याच्या सावलीत प्रवाह हरवतो. अशा वेळी बाजू बदलून पाहतात. तरीही तुकडा झाकलेलाच राहिला, तर त्याच्या वरचा आणि खालचा प्रवाह मोजून मधल्या अडथळ्याचा अंदाज बांधतात. न दिसलेला तुकडा अहवालात तसाच नोंदवायचा असतो, त्याला ‘नॉर्मल’ लिहायचे नसते.