क्रॅश डम्प पद्धत बदलताना बूट इमेजचा बॅकअप

पॉवर प्रोसेसरच्या सर्व्हरवर लिनक्सची क्रॅश डम्प पद्धत (यंत्रणा कोसळली की मेमरीतला मजकूर तपासासाठी उतरवून ठेवण्याची) केडम्पवरून एफएडम्पवर नेताना किंवा परत आणताना मूळ बूट इमेज (इनिटरॅमएफएस, म्हणजे बूट होताना आधी मेमरीत चढणारी छोटी फाइल प्रणाली) जपण्याची व्यवस्था. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स आणि फेडोरा यांत हे काम केडम्प सेवेची केडम्पसीटीएल ही स्क्रिप्ट करते.

केडम्पमध्ये कर्नल (लिनक्सचा गाभा) कोसळला की राखीव मेमरीत आधीच भरून ठेवलेला दुसरा कर्नल सुरू होतो. त्याची इमेज वेगळी असते, तिच्या नावात ‘केडम्प’ असते. रोजच्या बूट इमेजला कोणी हात लावत नाही. एफएडम्पमध्ये मात्र फर्मवेअर मेमरीतला मजकूर जपून यंत्र नेहमीच्याच वाटेने पुन्हा बूट करते. डम्प उतरवण्याचे कामही मग रोजच्याच इमेजवर येते, आणि त्यासाठी तीच फाइल नव्याने बांधावी लागते. बॅकअप लागतो तो यामुळे.

कर्नलच्या पॅरामीटरमध्ये ‘एफएडम्प=ऑन’ घालून यंत्र रीबूट केले की सेवा सुरू होताना स्क्रिप्ट सिसएफएसमधली (कर्नलची स्थिती दाखवणाऱ्या आभासी फाइलींमधली) एफएडम्प चालू आहे का ही नोंद पाहते. तिथे १ दिसला तर ती चालू कर्नलच्या इमेजची शा-१ बेरीज (चेकसम, म्हणजे फाइल बदलली का ते ओळखण्याची खूण) बूट विभागातल्या एका लपलेल्या फाइलमध्ये लिहिते, इमेजची प्रत काढते आणि मग नवी इमेज बांधते. प्रतीचे नाव मूळचेच, फक्त आधी टिंब आणि शेवटी ‘.डिफॉल्ट’. टिंबामुळे साध्या यादीत ती दिसत नाही. बूट विभाग भरला आणि कारण सापडत नाही, तेव्हा लपलेल्या फाइलींसह यादी काढावी. परत केडम्पवर आल्यावर स्क्रिप्ट प्रतीची बेरीज नोंदीशी ताडते आणि जुळली तरच प्रत मूळ जागी हलवते. जुळली नाही तर इशारा देऊन इमेज आहे तशी सोडते. यंत्र तरीही बूट होते, इमेज थोडी जड राहते एवढेच.

खरी खोच वेगळीच आहे. प्रत आधीपासून असेल तर स्क्रिप्ट नवी काढत नाही. एफएडम्प चालू असताना नवा डिस्क कंट्रोलर बसवला, त्याचा ड्रायव्हर घालून ड्रॅकट या बूट इमेज बांधणाऱ्या साधनाने इमेज पुन्हा बांधली, आणि काही महिन्यांनी केडम्पवर परतलो, तर पहिल्या दिवशीची ड्रायव्हर नसलेली इमेज जागेवर येते. रूट डिस्क त्याच कंट्रोलरवर असेल तर पुढचा बूट ड्रॅकटच्या आणीबाणीच्या शेलमध्ये अडकतो. बेरीज इथे वाचवत नाही, कारण ती प्रत शाबूत आहे एवढेच सांगते, ताजी आहे का ते नाही. म्हणून परतल्यावर रीबूट करण्याआधी ड्रॅकटने त्या कर्नलची इमेज पुन्हा बांधावी आणि एलएसइनिटआरडी या इमेजमधला मजकूर दाखवणाऱ्या आदेशाने हवे ते मॉड्यूल (इथे ड्रायव्हर) आत आहे का ते पाहावे.

अनेक कर्नल असतील तर आणखी एक अडचण. प्रत प्रत्येक कर्नलची वेगळी, पण बेरजेची फाइल सगळ्यांत मिळून एकच. दुसऱ्या कर्नलवर बूट करून तिथेही बॅकअप झाला की पहिल्याची बेरीज पुसली जाते आणि त्याची प्रत पुढे ‘जुळत नाही’ म्हणून पडून राहते. शिवाय अदलाबदल चालू कर्नलचीच होते. बाकीच्यांच्या इमेज जुन्या पद्धतीच्याच राहतात. अशी अडकलेली प्रत हाताने हलवण्यापेक्षा ड्रॅकटने नवी इमेज बांधणे सुरक्षित.

जागेचा हिशेब आधीच करावा: बदलाच्या वेळी बूट विभागात जुनी प्रत आणि नवी इमेज दोन्ही मावल्या पाहिजेत. बूट विभाग एक्सएफएस या फाइल प्रणालीचा असेल तर नवी इमेज लिहिल्यावर सिंकही (मेमरीतले लेखन डिस्कवर पक्के करणे) हवे. ग्रब हा बूट लोडर एक्सएफएसचा जर्नल (अजून पक्क्या न झालेल्या बदलांची नोंदवही) पुन्हा चालवत नाही. त्यामुळे इमेज बांधल्यावर लगेच कर्नल कोसळला तर ग्रबला अर्धवट फाइल दिसू शकते, आणि एफएडम्पमध्ये नेमका तोच बूट डम्प उतरवण्याचा असतो.